खोट सांगायचा दिवस

सोमवारी सकाळी कारखान्यात शिरले तर तबक माझ्या टेबलावर नव्हतं, धाकटीच्या, माझ्या बहिणीच्या, टेबलावर होतं. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. खिडकीपाशी मशीनकाका नेहमीसारखे शिलाई मशीनला तेल पाजत होते. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि बावीस वर्षं ते लाकडी तबक जिथे असायचं तिथे हात ठेवला. टेबल त्या जागी जरा फिकं होतं, बरोबर तबकाच्या आकाराचं. त्या फिक्या चौकोनाकडे बघताना माझ्या पोटात दुखायला लागलं, ते पुढे सहा आठवडे दुखत राहिलं. शब्द मी मुद्दाम तोच वापरते आहे. दुसऱ्याचं बरं झालं की तुझ्या पोटात फार दुखतं गं, असं आई मला म्हणायची, आणि मी दर वेळी पोटावर हात ठेवून म्हणायचे, छे, कुठे दुखतंय. बावन्नाव्या वर्षी नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. दुखत होतं.

तबकाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नवं काम आलं की भरायच्या कापडावर चित्राचा खाका उमटवतात. मग एकजण बसून ठरवते, कुठे कुठला रंग आणि कुठला टाका. ठरलेल्या रंगाची एकेक लडी तबकात ठेवायची, प्रत्येक लडीला टाक्याची चिठ्ठी बांधायची, आणि एकदा तबक भरलं की मग कारखान्याच्या मालकिणीनेही त्यात हात घालायचा नाही. जिच्यापुढे तबक, तिचा शब्द. बाकीच्या नुसत्या भरतात. आणि पांढऱ्या कापडावर कुणीही शेंबडं पोर रंग निवडील. खरी परीक्षा काळ्यावर. काळं कापड रंग खातं. लडी हातात घेऊन वा वा म्हणाल, आणि कापडावर आली की तोच रंग पाण्यात दगड टाकावा तसा बुडून जाईल. म्हणून लडी बघून निवडायचंच नाही. एक पदर सोडवायचा, कापडावर टाकायचा, दोन पावलं मागे जायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. जो आरडाओरडा करतो तो परत खोक्यात. जो हळूच दिसत राहतो तो आपला. मळकट, बिचारे, खोक्यात कुणी ढुंकून न बघितलेले रंग काळ्यावर राजासारखे बसतात. त्यातही टाका बदलला की रंग बदलतो. तोच दोरा भरीव टाक्यात सपाट पडून चमकतो, साखळीत स्वतःच्याच सावलीने काळवंडतो, गाठी मारल्या की वेगळाच कुणीतरी होतो. हे सगळं मी कुठल्या शाळेत शिकले नाही. बावीस वर्षं कापडापुढे उभी राहून शिकले, आणि बारा वर्षांपूर्वी एकेक करून धाकटीला शिकवलं. कुणी सांगितलं होतं शिकवायला?

मालकीणबाईंना आम्ही नुसतं बाई म्हणतो. त्या दिवशी त्या माझ्याआधी आल्या होत्या, आणि मी येणार हे धरून दारापाशीच घुटमळत होत्या. "ताई, या वेळचं तबक धाकटीला बघू दे. तुम्ही भरायचं बघा. तुमच्यासारखा भरीव टाका या कारखान्यात कुणाला येतो?" मी म्हटलं, "कुणालाच नाही." "तेच ना," बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. वर चढवून शिडी काढून घ्यायची, ती अशी. धाकटी माझ्याकडे बघत उभी होती. "ताई, मी मागितलं नाही," ती म्हणाली. "मी कुठे म्हटलं मागितलंस?" "तसं नाही, पण तुला वाटेल." "मला काही वाटत नाही. काम मोठं आहे, नीट बघ." नीट हा शब्द तोंडातून गेला आणि माझा मलाच राग आला, कारण तो माझा शब्द. जन्मभर मला तोच चिकटलेला आहे.

काम मोठं होतं, आणि तेच तर. पुन्हा असलं येणार नव्हतं. मुलांच्या वाचनालयाची एक अख्खी भिंत झाकणारा पडदा, काळं लोकरी कापड, नऊ फूट लांब, पाच फूट उंच. त्यावर कधीच कुठे नसलेलं रान. झाडांना फळांच्या जागी दिवे, फांद्यांमधून पोहणारे पंखांचे मासे, घुबडाच्या तोंडाचं हरीण, पाठीवरच्या घराला खिडक्या असलेली गोगलगाय. वाचनालयवाल्यांनी सांगितलं होतं, जे जगात आहे ते नको, मुलं ते रोज बघतात. खाका बाईंनी काढला होता. मधोमध मात्र दोन झाडांमध्ये हातभर जागा कोरी सोडली होती. तिथलं ठरायचंय, म्हणाल्या. बावीस वर्षं मी लग्नातल्या कपड्यांवरचे वेल, शाळांची बोधचिन्हं, कुणाच्या तरी आडनावाची आद्याक्षरं यांचे रंग निवडले. आणि जेव्हा घुबडाच्या तोंडाचं हरीण आलं तेव्हा तबक पलीकडच्या टेबलावर.

तिने तीन दिवस घेतले. मी एक दिवस घेतला असता. तीन दिवस ती खिडकीपाशी पदर टाकत होती, मागे जात होती, डोळे किलकिले करत होती, सगळं माझंच, उभं राहण्याची ढबसुद्धा माझीच, आणि मी समोर बसून कुणाच्या तरी रुमालाची कड भरत होते. चौथ्या दिवशी तबक भरलं. मी चहाच्या वेळी, कुणी नाही असं बघून जवळ गेले. चूक शोधायलाच गेले होते. चिठ्ठ्यांवर तिने एकेक अक्षर केवढं मोठं काढलं होतं, रंगाचा नंबर, रंगाचं नाव, टाक्याचं नाव, जसं काही आम्ही पहिलीत शिकतोय. पण रंग. आजारी माणसाच्या तोंडावर असतो तसला पिवळट हिरवा तिने झाडांच्या बुंध्यांना घेतला होता आणि त्याला लागून फिका, धुवून विटलेला गुलाबी. वाचायला भयंकर. मी दोन्ही पदर कापडावर टाकले आणि मागे सरकले. दोघांनी मिळून काळ्यातून असा काही उजेड काढला की मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. हे मला का सुचलं नाही? हा प्रश्न मी तिथे उभी असताना स्वतःला विचारला, रात्री पोळपाट धुताना विचारला, सकाळी वेणी घालताना विचारला. चुकीचं असतं तर मी तिला क्षमा केली असती.

माणसाला एखादी गोष्ट सुचते कुठून? आम्ही लहान असताना खडूंचा एक डबा दोघींत होता, मेणाचे बारा खडू. मी सात वर्षांची, ती पाचची. एका दुपारी मी घर काढलं. दार, दोन खिडक्या, कौलं एकेक मोजून. रेषेच्या बाहेर तसूभर रंग गेला नाही. दोन तास खपत होते. धाकटीने तेवढ्या वेळात एक घोडा खरडला होता. जांभळा, आणि मागचे पाय काढायचा कंटाळा आला म्हणून त्याला माशाचं शेपूट. तेही एवढं मोठं की कागदावर मावेना, तर तिने ते वरून वळवून घोड्याच्या डोक्यावर छत्रीसारखं आणलं. आई आली. माझं घर बघून म्हणाली, "छान, नीट आहे." मग घोडा बघितला आणि हसायलाच लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला, शेजारच्या काकूंना हाक मारली, आणि तो घोडा कपाटाच्या दारावर चिकटवला. तिथे तो कितीतरी वर्षं होता. मी रोज त्या कपाटातून शाळेचे कपडे काढायचे. त्याच संध्याकाळी मी डब्यातून जांभळा खडू घेतला आणि मोरीच्या भोकात घातला. जाड होता, जात नव्हता, टाचेने दाबला. दुसऱ्या दिवशी धाकटीने खडू शोधायला सुरुवात केली. तीन दिवस ती शोधत होती. मीही शोधला. कॉटखाली तिच्याबरोबर आडवी झाले, धूळ खाल्ली, आणि "उंदराने नेला असेल गं," असंही मीच म्हणाले. पुढे ती दुसऱ्या रंगांनी प्राणी काढायची, पण तसा घोडा तिने पुन्हा काढला नाही. हे मी कुणालाही कधी सांगितलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही.

तिला कारखान्यात मी आणलं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती, ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला काहीही काम चालेल." मी बाईंकडे शब्द टाकला. ती ताई म्हणते म्हणून मग सगळेच ताई म्हणायला लागले, मशीनकाकासुद्धा, ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मला ते आवडायचं. ती चुकायची तेव्हा मी उसवून द्यायचे, आणि खोटं कशाला बोलू, तिचं उसवताना मला बरं वाटायचं. आपल्या हाताखालचं माणूस आपलं वाटतं, तोवर माया करायला काही जड जात नाही.

मग गेल्या वर्षभरात तिने हळूहळू पाय पसरायला सुरुवात केली. मला तेव्हा तसंच दिसलं, म्हणून तसंच सांगते. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. रोज सकाळी जिन्याच्या वळणावर उभी राहायची आणि माझा कोपर धरायची. "सोड, मी काय म्हातारी झाले?" "अंधार असतो गं वळणावर." वळण तेच, जिना तोच, वीस वर्षं अंधार नव्हता, आता कुठून आला? कारखान्यात आलं की माझ्या सुईच्या उशीत दहा सुया ओवून टोचलेल्या असायच्या. म्हणजे बघा, मला कसं एका झटक्यात ओवता येतं. मी त्या काढून, दोरा ओढून टाकून, पुन्हा स्वतः ओवायचे, आणि दोरा नेमका नेढ्याच्या बाजूने जायचा, कारण हल्ली सुयासुद्धा भिकार येतात. सगळंच भिकार येतं. पांढरा दोरा पिवळट, निळ्यात जीव नाही, दुकानदाराला म्हटलं तर तो डबा बघून म्हणतो, तोच नंबर आहे बाई. आणि कारखान्यातले दिवे बाईंनी बदलले असणार, बिल वाचवायला, कारण दुपारीदेखील खोलीभर धुरकट उजेड. आता तुम्ही म्हणाल, नाचता येईना अंगण वाकडं. मलाही म्हण माहीत आहे. पण बावीस वर्षं नाचलेलीला अंगण कळतं.

सात महिन्यांपूर्वीचं ते प्रकरणही असंच. गडद निळ्या शालीवर मी फुलं ठरवली होती आणि काम परत आलं. अर्ध्या पाकळ्या निळ्या आणि अर्ध्या हिरवट आहेत म्हणे. मी सांगितलं, लॉटचा घोळ आहे. नंबर तोच असला तरी रंगाऱ्याच्या एका घाण्यातला दोरा दुसऱ्या घाण्याला जुळत नाही, हे या धंद्यातलं पहिलं वाक्य. बाई "असेल, असेल" म्हणाल्या. धाकटीने दोन दिवस बसून सगळं उसवलं, पुन्हा भरलं, तोंडातून अक्षर काढलं नाही. त्या संध्याकाळी जिन्यात मात्र म्हणाली, "ताई, एकदा डोळे दाखवून येऊ या का? मलाही दाखवायचेत." मी म्हटलं, "तुझे दाखव. माझ्या डोळ्यांवर या कारखान्याचं छप्पर उभं आहे." ती गप्प बसली. गप्प बसण्यात ती पहिल्यापासून हुशार.

पडदा भरायला चौकट लावली. दोन्ही बाजूंना दांडे, कापड दोन्हीकडून गुंडाळलेलं, मधे हातभर उघडं. जेवढं उघडं तेवढंच दिसतं. भरून झालं की एका बाजूला गुंडाळायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं. म्हणजे संपूर्ण काम भरणाऱ्यालाही शेवटच्या दिवसापर्यंत दिसत नाही. डाव्या टोकापासून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी तिचे रंग माझ्या हाताने भरत होते. लोकांना वाटेल, मी मुद्दाम वाईट भरलं असेल. नाही, तेवढं मला जमलं नाही. हाताला वाईट भरता येत नाही, मन कितीही वाईट असलं तरी. उलट मी असं भरलं की बघणाऱ्याने म्हणावं, रंगाचं सोडा, टाका बघा. माशांच्या पंखांना तिने लांब-आखूड टाका सांगितला होता, राखेच्या रंगात, आणि कडेला एकच उलटी टीप केशरी. मी ते भरत होते आणि पंख माझ्या डोळ्यांसमोर हलत होते, आणि दर टाक्याला वाटत होतं, हे मी केलंय, आणि पुढच्या टाक्याला, नाही, हे तिने केलंय. सगळ्या प्राण्यांचे डोळे गाठींचे होते. गाठी मारता मारता लक्षात आलं, हरीण, गोगलगाय, मासे, सगळे एकाच बाजूला बघतायत, मधल्या कोऱ्या जागेकडे. "काय आहे तिथे?" मी विचारलं. "बघू," धाकटी म्हणाली. घरी मी उरलेले तुकडे घेऊन बसायचे, काळ्या चिंधीवर तिच्यासारखे बेढब रंग शेजारी ठेवून बघायचे. सगळे मळकट दिसायचे, उजेड काही निघायचा नाही. मग चिंधी गादीखाली सारायचे, चोरून आणल्यासारखी.

तिसऱ्या आठवड्यात मधला भाग चौकटीवर आला. धाकटी म्हणाली, "ताई, हा हातभर तुकडा मी एकटी भरते. तू तोवर किनार घे, ती वेगळीच जोडायची आहे." "का? मधल्याला माझा हात चालत नाही?" "तसं नाही गं." "मग कसं?" तिने खाली बघितलं आणि कात्रीची मूठ बोटाने पुसत राहिली. मलाई आपल्या ताटात ओढायची आणि कडा दुसरीला द्यायच्या. मी किनार उचलली आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसले. सात दिवस ती त्या हातभर तुकड्यावर वाकून होती. एकदा पाण्याला उठले तेव्हा शेजारून मुद्दाम हळू गेले. कापड काळंच होतं. सुईत दोराही मला काळाच दिसला. काळ्यावर काळा! म्हटलं, सुचत नाहीये, म्हणून अस्तराचे कच्चे टाके घालत वेळ काढतेय. तबक मिळवणं सोपं असतं, त्यात टाकणार काय? त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. डबा संपवला, वर मशीनकाकांकडचा पाव मागून खाल्ला. मग मधला भाग गुंडाळला गेला आणि उजवीकडचं रान आम्ही पुन्हा दोघींनी भरलं.

आमच्याकडे एक रीत आहे. काम पुरं झालं की ते समोरच्या भिंतीला टांगतात, सगळ्यांनी दहा पावलं मागे उभं राहायचं, आणि प्रत्येकाने एक खोट सांगायची. सांगायचीच. छान आहे असं म्हणायला बंदी. बाईंचं म्हणणं, हाताचं काम आहे, खोट असणारच. आपण नाही काढली तर गिऱ्हाईक काढील. आणि जिचं तबक असेल तिने सगळ्यांची खोट सांगून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कितीही खोटं वाटलं तरी. बावीस वर्षं मी तोंड मिटून ऐकलं होतं. मशीनकाका दर वेळी एकच सांगायचे, अस्तर अजून घट्ट हवं होतं. अस्तर त्यांनीच लावलेलं असायचं. धाकटी दर वेळी अशी एखादी पिटुकली गाठ दाखवायची की ऐकणाऱ्याला कौतुकच वाटावं. आता पहिल्यांदा मी बोलणार होते आणि ती ऐकणार होती. भरणाऱ्यांत वयाने पहिली, म्हणून माझाच पहिला मान. मी त्या दिवसाची सहा आठवडे वाट बघितली. चांगली साडीसुद्धा नेसले.

पडदा टांगला. सकाळची अकराची वेळ, खिडक्या सताड उघड्या. दांड्यावरून कापड सुटत भिंतभर पसरलं आणि मशीनकाका "अरे," म्हणाले, तेवढंच. मी पाहिलं. डावीकडे रान, उजवीकडे रान, पिवळट हिरवे बुंधे, गुलाबी उजेड, पंखांचे मासे. सगळं मला वाटलं होतं त्याहून सुंदर. आणि मधोमध काही नाही. हातभर नुसतं काळं. सगळे प्राणी माना वळवून त्या काळ्याकडे बघतायत आणि तिथे काहीच नाही. मी डोळे किलकिले केले. काही नाही. आत कुठेतरी एक गाठ सुटल्यासारखं झालं, आणि त्या आनंदाची मला आजही लाज वाटते, पण आनंद होता तो. जमलं नाही तिला. सात दिवस वाकून बसली आणि जमलं नाही.

"सांगा ताई," बाई म्हणाल्या.

मी घाई केली नाही. म्हटलं, "आजूबाजूचं ठीक आहे. पण सगळं रान ज्यासाठी काढलं ते कुठाय? मधे काहीच नाही. मुलं इथे उभी राहून विचारतील, हे सगळे कुणाकडे बघतायत? काय सांगणार त्यांना? भरायचं राहिलं म्हणून? कडा कुणीही सजवील, बाई. मधलं सुचायला लागतं. ते सुचत नव्हतं तर विचारायचं. विचारायला माणूस होतं ना इथे, की मेलं होतं?"

मला वाटलं, बरोबर घाव बसला. मशीनकाका खोकले, त्यांना खोकला नव्हता. बाई पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. धाकटीचे हात पोटाशी एकमेकांत घट्ट अडकवलेले, ओठ मिटलेले. नियम होता ना. ती शांतता मला जरा जास्त लांबल्यासारखी वाटली, म्हणून मी म्हटलं, "दाखवते की," आणि दहा पावलं चालत पुढे गेले. "हे बघा, इथून इथपर्यंत," असं म्हणत मी तो काळा तुकडा दाखवायला तळहात सपाट ठेवला.

हाताखाली टाके होते.

मी हात उचलला आणि पुन्हा ठेवला. साखळी. दाट, ओळीला ओळ लागून, माझ्याच हाताची शिकवण, दर टाका तेवढाच. बोटं सरकवली, टाके संपेनात. डोळे अगदी कापडाला लावले, तेव्हा काळ्यावर काळा असा नुसता भास झाला, तोही खरा की हाताने सांगितलेला, कळेना. मग दिव्याचं बटण अंधारात चाचपावं तसं मी दोन्ही हातांनी चाचपायला लागले. वरती मान होती. मानेवर सुटे लोंबते फास, ती आयाळ. खाली पाठ, छाती, पुढचे दोन पाय, खूर गाठींचे. मागे पाय नव्हते. मागे अर्धगोल टाके एकावर एक चढत गेले होते, खवले, आणि ते रुंद होत होत वर वळले, एवढे वर की मला टाचा उंचवाव्या लागल्या, आणि तिथून पुन्हा खाली, घोड्याच्या डोक्यावर छत्रीसारखे. माझी बोटं त्या शेपटाच्या टोकाशी थांबली. जिन्याचं वळण, दहा सुया, मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, दोन दिवस बसून उसवलेल्या पाकळ्या, सगळं एकामागून एक आलं आणि माझ्यासमोर उभं राहिलं. दोरे चांगलेच येत होते. दिवे बदललेले नव्हते. या खोलीत हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. शरम वाटली, इतकी की मागे वळून त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. पण खरं सांगायचं तर शरमेच्या आधी, अगदी पहिल्यांदा, वाटलं ते जुनंच. हे असलं शेपूट मला जन्मात सुचलं नसतं.

"कुठला रंग?" मी कापडाला विचारलं.

मागून बाई म्हणाल्या, "सांग तू. राहू दे नियम."

"जांभळा," धाकटी म्हणाली. ती जवळ आली होती, माझ्या कोपराशी, पण तिने कोपर धरला नाही. "खूप गडद. एक पदर. पटकन दिसत नाही, बघत राहिलं की वर येतो. मुलांना शोधायला आवडेल असं वाटलं."

"मला भरायला का नाही दिलास?"

"दिला असता तर तुला कळलं असतं ना, दिसत नाही ते. सगळ्यांसमोर कळलं असतं." तिचा आवाज चिरकला. "मला सांगायला हवं होतं गं. पण तू बोलशील म्हणून भीती वाटायची. आणि आज तू असं काही बोलशील हे डोक्यातच आलं नाही. तू वरवर काहीतरी सांगून मोकळी होशील असं वाटलं, मी व्हायचे तशी." मग नाक ओढून, कामाचं बोलल्यासारखं म्हणाली, "त्या एका जांभळ्यापायी तीन दिवस गेले माझे. सतरा लड्या सोडवल्या. आपल्या डब्यातला तो खडू होता ना, हरवलेला, तसाच हवा होता मला. तसा अजून सापडला नाही, पण हा त्यातल्या त्यात."

माझा हात अजून शेपटावरच होता. खवले तळहाताला मऊ लागत होते, आणि मधे कुठेही, एकही टाका सैल नव्हता. मी शोधला होता. मागे सगळे दहा पावलांवर उभे होते, आणि माझी खोट अजून सांगून व्हायची होती.

"हरवला नव्हता तो," मी म्हणाले. "मी मोरीत टाकला होता."